घुबड वाचवायचं तर आधी खार वाचवा

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या फिश अँड गेम कमिशनने, म्हणजे राज्यातल्या वन्यजीवांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, एका छोट्या घुबडाला संरक्षण देणारा निर्णय एकमताने घेतला आणि इथल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चेला उधाण आलं. एक जण म्हणाला आता घुबडासाठी घरं बांधायची थांबणार का, आधीच इथे भाडं देता देता जीव जातोय. दुसरीने विचारलं, घुबड झाडावर राहतं ना, मग मोकळ्या प्लॉटचा काय संबंध? आणि कुणीतरी, व्हायचं तेच झालं, घुबड अशुभ असतं म्हणून एक फॉरवर्ड टाकून दिला.

निर्णय होता बरोइंग आऊल नावाच्या पक्ष्याबद्दल, म्हणजे बिळात राहणारं घुबड. सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी आणि अजून काही पक्षीसंस्थांनी मार्च २०२४ मध्ये अर्ज केला होता की या घुबडाला राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आणा. कमिशनने ते लगेच यादीत टाकलं नाही, आधी 'कॅन्डिडेट' केलं. त्याचा अर्थ एवढाच की शास्त्रज्ञ सगळा डेटा बघून अहवाल देणार, मग शेवटचा निकाल, पण मधल्या काळात यादीत असल्यासारखंच संरक्षण लागू. परवानगीशिवाय मारता येणार नाही, पकडता येणार नाही. २००३ मध्येही असाच अर्ज आला होता, तेव्हा तो फेटाळला गेला. मधल्या वीस वर्षांत असं काय झालं आणि एवढ्याशा पक्ष्यावरून बिल्डर, शेतकरी, एअरपोर्टवाले सगळे का बोलतायत हे समजून घ्यायचं तर सुरुवात घुबडापासून नाही, जमिनीखालून करावी लागते. पण पक्षी कसा दिसतो ते आधी बघून घेऊ.

## हे घुबड आहे तरी कसं?

आपल्याकडचा पिंगळा आठवा. संध्याकाळी वायरवर किंवा आंब्याच्या ढोलीत बसून चिरचिर करणारा, गोल डोक्याचा, पांढऱ्या भुवयांचा. बरोइंग आऊल त्याचाच चुलतभाऊ, दोघंही अथीनी या एकाच वंशातले (जीनस). उंची वीतभर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, पिवळेधमक डोळे. फरक पायांत. पिंगळ्याचे पाय पिसांत दडलेले असतात, याचे पाय लांब, काटकुळे, धावण्यासाठीच दिल्यासारखे, आणि खरंच ते जमिनीवरून तुरुतुरु पळत जाऊन नाकतोडा पकडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे दिवसाही जागं असतं. शिकार जास्त करून संध्याकाळी आणि रात्री, पण भर उन्हात बिळाच्या तोंडाशी उभं राहून पहारा देताना दिसतं. म्हणूनच ज्याला घुबड बघायचंय पण रात्री जंगलात जायचं नाहीये त्याच्यासाठी याच्यासारखा पक्षी नाही.

पसारा मोठा आहे. कॅनडाच्या दक्षिण भागातल्या गवताळ मैदानांपासून खाली अर्जेंटिना-चिलेपर्यंत, शिवाय फ्लोरिडामध्ये वेगळी वस्ती. झाडाझुडपांची याला हौस नाही. सपाट जमीन, बुटकं गवत, लांबपर्यंत नजर जाईल असं मैदान, बस.

## मग बीळ कोण खणतं?

इथेच सगळी मेख आहे. फ्लोरिडातली घुबडं वाळूत स्वतः खणतात. पश्चिमेकडची मात्र जवळजवळ कधीच स्वतः नवं बीळ खणत नाहीत, फार तर आयत्या बिळातली माती पायाने उकरून आत थोडं रुंद करतात. प्रेअरी डॉग, म्हणजे वसाहत करून बिळांत राहणारा खारीचा जाडजूड भाऊबंद, असलेल्या राज्यांत प्रेअरी डॉगची बिळं, कुठे बॅजर या बिळं खणणाऱ्या शिकारी प्राण्याची, आणि कॅलिफोर्नियात मुख्यतः कॅलिफोर्निया ग्राउंड स्क्विरल, म्हणजे जमिनीत बिळं करणारी खार, तिची.

आता हा सगळा मामला भाड्याच्या घरासारखा आहे असं समजा. खार बिल्डर. घुबड भाडेकरू, तेही एक पैसा भाडं न देणारं. बिल्डरलाच गावातून हाकललं तर नवीन घरं बांधणार कोण? आणि जुनी घरं दोन-चार पावसाळ्यांत ढासळली की भाडेकरू रस्त्यावर. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं, कारण घुबडाचे बहुतेक प्रश्न मुळात खारीचे प्रश्न आहेत, आणि खारीसाठी कोणी मोर्चा काढत नाही.

खार अजून एक काम फुकटात करते. ती आपल्या वस्तीच्या आसपासचं गवत खाऊन बुटकं ठेवते, आणि धोका दिसला की शिट्टीसारखा आवाज काढते जो घुबडालाही ऐकू जातो. म्हणजे घराबरोबर अंगण झाडणं आणि वॉचमनही आला.

## बिळात राहायचं तर अडचणी येत नाहीत का?

येतात की. बिळात हवा कोंदट असते, आत सात-आठ पिल्लं आणि आई असली की कार्बन डायऑक्साइड वाढतो. या घुबडांचं शरीर झाडावरच्या पक्ष्यांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सहन करू शकतं, हे मोजून बघितलेलं आहे.

साप, स्कंक, बॅजर हे आत शिरू शकतात. त्यावर पिल्लांची युक्ती भारी आहे. बिळात काही शिरतंय असं वाटलं की पिल्लं असा फिस्कारा सोडतात की तो अगदी रॅटलस्नेक या विषारी सापाच्या खुळखुळ वाजणाऱ्या शेपटीसारखा ऐकू येतो. खारींच्या बिळांत रॅटलस्नेक खरोखरच सापडतात त्यामुळे तोंड आत घालणाऱ्याला हा आवाज थट्टेवारी न्यायची हिंमत होत नाही.

आणि मग शेण. ही घुबडं गाईचं, घोड्याचं, कुत्र्याचं, मिळेल ते शेण उचलून आणून बिळाच्या दाराशी पसरतात. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की पिल्लांचा वास लपवण्यासाठी असेल. मग फ्लोरिडात संशोधकांनी प्रयोग केला, बिळांसमोरचं शेण साफ केलं, काहींपुढे पुन्हा ठेवलं आणि काहींपुढे नाही, आणि नंतर घुबडांनी काय काय खाल्लं ते त्यांच्या उलटून टाकलेल्या गोळ्यांतून बघितलं. शेण असलेल्या बिळातल्या घुबडांनी शेणकिडे दहापट खाल्ले होते! २००४ मध्ये नेचर मासिकात हे छापून आलं. म्हणजे आमिष लावून दारात बसायचं, किडा चालत येतो. कधीकधी दाराशी फॉइलचे तुकडे, सिगारेटची थोटकं, कार्पेटच्या चिंध्याही मांडलेल्या दिसतात, त्या बहुधा 'हे घर भरलेलं आहे' असं शेजाऱ्यांना सांगण्यासाठी असाव्यात.

## कुटुंब बघायचं तर कधी आणि कसं?

फेब्रुवारी ते ऑगस्ट हा इथे विणीचा काळ धरतात. सुरुवातीला नर बिळाच्या तोंडाशी उभा राहून संध्याकाळी 'कू-कूऽऽ' असं ओरडतो, अगदी पारव्याच्या वळणाचं. मादी आत गेली की अंडी घालते, सहसा सात-आठ, कधी त्याहून जास्तही, आणि महिनाभर उबवते. या काळात ती जवळजवळ बाहेरच येत नाही, खायला-प्यायला आणून देणं सगळं नराकडे. त्यामुळे एक गंमत होते: नर दिवसभर उन्हात उभा राहून राहून उडालेल्या रंगाचा, फिकट दिसायला लागतो आणि मादी आतून बाहेर येते ती गडद चॉकलेटीच. एरवी दोघांत फरक कळत नाही, उन्हाळ्यात दुर्बिणीतून बघितलं तर बऱ्याचदा या रंगावरून सांगता येतं की हे बाबा आणि ही आई.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली की दाराशी यायला लागतात. बघायची खरी मजा इथून पुढचा महिना. मोठ्यांच्या छातीवर पट्टे आणि ठिपके असतात, पिल्लांची छाती मात्र साधी, पिवळसर, बदामी रंगाची, शर्ट घातल्यासारखी. ती बिळाच्या मातीच्या ढिगावर ओळीने उभी राहतात आणि एखादं विमान किंवा फुलपाखरू गेलं की सगळ्यांच्या माना एकदम फिरतात, काही तर मान इतकी वाकडी करतात की डोकं उलटं होतं. मध्येच एखादं पिल्लू पंख फडफडवून उडी मारतं, हवेत जेमतेम राहतं आणि भावंडाच्या डोक्यावर पडतं. मग बाप नाकतोडा घेऊन उतरला की सगळी झुंबड, आणि जो आधी पोचतो तो तो नाकतोडा घेऊन थेट बिळात पळतो, बाहेर खात बसत नाही, कारण बाहेर वाटा मागणारे बरेच. सहा आठवड्यांत उडायला शिकतात. त्याच सुमारास कुटुंब आजूबाजूच्या दोन-तीन बिळांत विभागून राहायला लागतं, म्हणजे एखादं बीळ संकटात आलं तर सगळीच पिल्लं जात नाहीत. म्हणून एका जोडीला एक बीळ पुरत नाही, हे पुढे लक्षात ठेवायला लागेल.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात, माउंटन व्ह्यूचं शोअरलाइन पार्क यासाठी प्रसिद्ध आहे. मुळात तो बुजवलेला कचरा डेपो, शेजारी गूगलचं ऑफिस, आणि गवतात घुबडांसाठी राखलेली जागा. तुमच्यातले कितीतरी जण रोज त्याच्या बाजूने गाडी घेऊन गेले असतील. हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणी घुबडंही येतात, त्यामुळे डिसेंबरात दिसलं म्हणजे तिथे घरटं आहेच असं समजू नका.

बघताना नियम सोपा. ट्रेल सोडायची नाही, दुर्बीण किंवा मोठी लेन्स वापरायची. घुबडाने तुमच्याकडे बघून उठाबशा काढायला सुरुवात केली, म्हणजे खाली वाकून पुन्हा सरळ, पुन्हा वाकून सरळ, तर ते तुम्हाला वैतागलंय, मागे सरका. चिकचिकचिक असा खडखडाटी आवाज काढला तर तुम्ही फारच जवळ आहात. गाडीत बसून बघायला मिळत असेल तर उतरूच नका, गाडीला ती फारशी घाबरत नाहीत. फोनवर त्याचा आवाज वाजवून बोलवायचा प्रकार करू नका, आणि बिळाचं लोकेशन तर कुठेच टाकू नका. फोटो टाका, गाव सांगा, पिन कशाला?

## एवढं सगळं जमतंय त्याला, मग कमी का झाली?

कारण जी जमीन त्याला हवी तीच आपल्याला हवी. सपाट, कोरडी, झाडं नसलेली, रस्त्याजवळची. डोंगर उतारावर कोणी ऑफिस पार्क बांधत नाही. साउथ बेमध्ये, म्हणजे खाडीच्या दक्षिण टोकाला, एकेकाळी ही घुबडं शेकडोंनी होती, आज मोजक्याच जागी उरली आहेत, आणि त्या जागांची यादी वाचली तरी कळतं काय झालंय: बुजवलेला कचरा डेपो, सॅन होजेच्या सांडपाणी प्रकल्पाभोवतीची राखीव पट्टी, विमानतळाच्या धावपट्टीच्या कडेचं गवत. म्हणजे जिथे माणसाला बांधता आलं नाही तिथे घुबड राहिलं. २०२४ च्या अर्जात म्हटलंय की कॅलिफोर्नियात जिथे पूर्वी त्यांची वीण होत होती त्यातल्या जवळपास एक तृतीयांश काउंट्यांमधून ती विणीचा पक्षी म्हणून संपली आहेत.

दुसरं कारण खारींचं विष. शेतकऱ्याला खार नको, कारण ती बदाम खाते, कालव्याच्या बांधाला भोकं पाडते. रँचवाल्यांना नको कारण घोड्याचा पाय बिळात जातो. गोल्फ कोर्सला नको. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विषारी दाणे टाकले गेले. यात घुबड दोनदा मरतं, एकदा घर जातं म्हणून आणि एकदा विषाने अर्धमेला झालेला उंदीर खाल्ला म्हणून. रक्त न गोठू देणारी जी विषं असतात ती उंदराच्या शरीरात राहतात आणि तिथून खाणाऱ्याच्या शरीरात जातात. त्यातल्या सगळ्यात जहाल विषांवर कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने बरीच बंधनं आणली, पण घराघरात काय चालतं हे आपल्याला माहिती आहे.

आणि एक विचित्र ठिकाण: इंपीरियल व्हॅली, मेक्सिकोच्या सीमेलगत, मूळचं वाळवंट. तिथे कोलोरॅडो नदीचं पाणी आणून शेती केली, कालव्यांच्या मातीच्या कडांना बिळं झाली, शेतात किडे-उंदीर भरपूर, आणि घुबडांनी तिथे अशी वस्ती केली की १९९० च्या दशकातल्या राज्यभरच्या पाहणीत कॅलिफोर्नियातल्या साधारण सत्तर टक्के जोड्या त्या एका खोऱ्यात निघाल्या. ऐकायला छान वाटतं पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर, इथे तर शब्दशः अंडी, त्या टोपलीचं काही झालं तर? कालव्याला काँक्रीटचं अस्तर केलं की बीळ गेलं. कडा साफ करताना माती सपाट करणारा ग्रेडर फिरला की बिळाचं तोंड बुजलं.

बे एरियाच्या पूर्वेला असलेल्या ऑल्टामाँट पास या खिंडीतल्या पवनचक्क्यांनीही बरीच घुबडं मारली. सोनेरी गरुडांची तिथली कहाणी बातम्यांत येते, घुबडांची कमी येते.

## मोकळी जमीन विकत घेऊन कुंपण घातलं की झालं ना?

नाही झालं. मला वाटतं सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, कारण आपल्या डोक्यात निसर्ग वाचवणं म्हणजे हात न लावणं असं पक्कं बसलंय.

कॅलिफोर्नियातली आजची बहुतेक गवताळ जमीन मूळची राहिलेलीच नाही. भूमध्य समुद्राकडून आलेली परदेशी वर्षायू गवतं, रानटी ओट वगैरे, सगळीकडे पसरली आहेत आणि पावसाळ्यानंतर ती कंबरेएवढी वाढतात. वीतभर उंचीच्या पक्ष्याला कंबरेएवढ्या गवतात काय दिसणार? कोयोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा प्राणी, दोन फुटांवर आला तरी कळणार नाही, नाकतोडा तर नाहीच नाही. खारींनाही उंच गवत आवडत नाही. म्हणजे जमीन घेतली, कुंपण घातलं, पाटी लावली, आणि पाच वर्षांत घुबड तिथून गायब, असं होऊ शकतं. म्हणून तिथे गाई चरायला सोडाव्या लागतात, किंवा विणीचा हंगाम सांभाळून गवत कापावं लागतं. खार नसेल तर खार परत यावी म्हणून आधी गवत कापायचं, मातीचे-लाकडांचे ढीग टाकायचे, काही ठिकाणी खारी आणून सोडल्याही आहेत. शहरात एका खात्याने खारी मारायच्या आणि दुसऱ्या खात्याने आणून सोडायच्या, हेही होतं.

आणि झाडं? झाडं लावू नका. हे वाक्य लिहितानाच मला माहिती आहे की कुणीतरी रागावणार आहे. पण उघड्या मैदानात झाड लावलं की त्यावर ससाणा किंवा मोठं ग्रेट हॉर्न्ड घुबड येऊन बसतं, आणि खालचं वीतभराचं घुबड त्याच्यासाठी नाश्ता.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे नवीन वाटायला नको खरं तर. आपली माळरानं बघा. सोलापूर, पुणे, नगर, सातारच्या पूर्वेचा सगळा पट्टा. सरकारी कागदावर त्यातली कितीतरी जमीन पडीक, देशाच्या वेस्टलँड ॲटलासमध्ये झुडपी जमीन आणि निकृष्ट चराई ओसाडातच मोजली जाते. मग त्यावर वृक्षारोपण, गिरिपुष्प लावा, खड्डे खणा, पाट्या लावा. तिथे लांडगा, चिंकारा, धाविक, माळढोक हजारो वर्षं राहत होते याची नोंद त्या कागदात नसते. नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी तिथला माळढोक आज जवळजवळ संपलाय. आणि धनगरांच्या मेंढ्या ज्या गवताला बुटकं ठेवायच्या, त्यांनाच आपण कितीतरी ठिकाणी शत्रू ठरवलं. प्रमाणाबाहेर चराई वाईटच, पण शून्य चराई हेही काही गवताळ जमिनींना मारक असतं, हे कॅलिफोर्नियात गाई सोडणाऱ्या लोकांना कळायलाही वेळच लागला.

## घुबडं उचलून दुसरीकडे का नेत नाहीत?

नेतात. किंवा खरं सांगायचं तर, नेत नाहीत, हाकलतात. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत अशी: प्लॉटवर बांधकाम यायचं असेल तर विणीचा काळ संपल्यावर बिळाच्या तोंडाला एकतर्फी दार लावायचं. घुबड बाहेर येतं, पण आत जाता येत नाही. काही दिवस वाट बघून बीळ रिकामं आहे याची खात्री करायची, मग खणून बुजवायचं. कागदोपत्री याला स्थलांतर म्हणतात. घुबड कुठे गेलं, जगलं का, पुढच्या वर्षी वीण झाली का, हे बघायला बहुतेक वेळा कोणी गेलेलंच नसतं. बाजूला भरपूर रिकामी बिळं असतील तर ठीक, नसतील तर भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकण्यातला हा प्रकार. कॅन्डिडेट झाल्यावर फरक पडला तो इथे: अशा कामातून घुबडाला इजा होणार असेल तर राज्याची परवानगी लागते आणि बदल्यात काय करणार ते दाखवावं लागतं.

दुसरी पद्धत म्हणजे पकडून नेऊन सोडणं. पण ही घुबडं जागेला चिकटलेली असतात, सोडलं की उडून निघून जातात. सॅन डिएगो झूच्या संशोधकांनी यावर मजेशीर उपाय काढला. नवीन जागी स्पीकरवर घुबडांचे आवाज लावले आणि बिळांभोवती पांढरा रंग शिंपडला, घुबडांच्या विष्ठेसारखा दिसणारा. नव्या पाहुण्यांना वाटलं इथे आधीपासून शेजार आहे, आणि ती जास्त प्रमाणात तिथे टिकली. साउथ बेमध्ये वेगळा प्रयोग आहे: पहिला हिवाळा पिल्लांसाठी सगळ्यात जीवघेणा असतो म्हणून काही पिल्लं तेवढ्या काळापुरती पिंजऱ्यात सांभाळतात आणि वसंतात जोड्या करून सोडतात.

## आणि कृत्रिम बीळ?

हे काम मला फार आवडतं, कारण सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानातलं. लॉनला पाणी देण्याच्या व्हॉल्ववर जो प्लास्टिकचा डबा झाकतात तो घ्यायचा, किंवा मोठी बादली. तो उपडा पुरायचा, तळ उघडा, म्हणजे घुबडाच्या पायाखाली खरी माती येते आणि पाणी मुरून जातं. त्याला साधारण चार इंची, घड्या असलेला लवचीक पाइप जोडायचा, आठ-दहा फुटांचा, मध्ये एक वळण देऊन, म्हणजे आत उजेड जात नाही आणि अंधारी खोली मिळते. पाइप सरळ ठेवला तर बाहेरचा उजेड थेट अंड्यांपर्यंत, मग कोण राहील? वर दोन-तीन फूट माती, तोंडाशी दगड, म्हणजे कुत्रा किंवा कोयोटी उकरू शकत नाही, आणि बाजूला एक छोटा खुंट, बसून पहारा द्यायला. ॲरिझोनात वाइल्ड ॲट हार्ट नावाची संस्था स्वयंसेवकांकडून असली बिळं मोठ्या संख्येने बसवून घेते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑरेगनमधल्या उमाटिला इथल्या लष्कराच्या जुन्या दारूगोळा डेपोचं. तिथे कुंपणाच्या आत प्राँगहॉर्न हरणं आणून सोडली होती. कोयोटी त्यांची पाडसं खायला लागले म्हणून सापळे लावले. सापळ्यात कोयोटींबरोबर बॅजरही सापडत गेले. बॅजर संपले, बिळं खणणारं कोणी राहिलं नाही, आणि जिथे घुबडं भरपूर होती तिथे काही जोड्याच उरल्या. २००८ पासून ग्लोबल आऊल प्रोजेक्टच्या लोकांनी तिथे कृत्रिम बिळं पुरायला घेतली आणि काही वर्षांत जोड्या पुन्हा डझनांनी झाल्या. हरणासाठी लावलेला सापळा, मेलं घुबड. सरकारी फायलीत या दोन गोष्टी एका पानावर येण्याची शक्यता शून्य.

पण कृत्रिम बिळाला मर्यादा आहेत. पाइपात माती साचते, दरवर्षी साफ करावी लागते, कुणीतरी पगारी माणूस किंवा स्वयंसेवक लागतोच, आणि फंडिंग संपलं की बीळ बंद. खारीला फंडिंग लागत नाही. शिवाय नुसत्या बिळाने पोट भरत नाही, आजूबाजूला किडे-उंदीर असलेलं गवत हवंच. पार्किंग लॉटच्या मधल्या पट्टीत बीळ पुरून 'आम्ही नुकसानभरपाई केली' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

## जगात लाखो आहेत म्हणे, मग एवढा आरडाओरडा का?

बरोबर आहे, जागतिक यादीत हा पक्षी चिंताजनक गटात नाही, दक्षिण अमेरिकेत भरपूर आहे. पण कॅनडात तो संकटग्रस्त आहे आणि ब्रिटिश कोलंबियातून तर तो नाहीसा झाला होता, आता पिंजऱ्यात वाढवून सोडतात. फ्लोरिडानेही त्याला राज्याच्या धोक्यातल्या यादीत घातलंय, जरी तिथल्या केप कोरल शहरात लोकांच्या घरापुढच्या लॉनवर त्याची बिळं आहेत आणि गाव त्याच्या नावाने उत्सव करतं. उत्तरेकडून कडा अशी कुरतडत आली की मधल्या जागा एकट्या पडतात. शेजारची वस्ती पन्नास मैलांवर असली तर पिल्लांना जोडीदार मिळणं अवघड, आणि एक वाईट वर्ष आलं की ती जागा कायमची रिकामी.

## आणि घरांचं काय?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथे घरं खरोखर कमी आहेत आणि ज्यांना तासभर गाडी चालवून कामाला यावं लागतं त्यांना घुबडाचं प्रेम शिकवणं सोपं नसतं. पण कायदा बांधकाम थांबवत नाही. परवानगी मिळते, अट अशी की जेवढं नुकसान कराल तेवढं दुसरीकडे भरून द्या, आणि ते खरंच भरून निघतंय हे दाखवा. सांता क्लारा काउंटीत तर २०१३ पासून हॅबिटॅट प्लॅन आहे, बांधकाम करणारे फी भरतात, त्या पैशातून मोठ्या सलग जमिनी घेतल्या आणि सांभाळल्या जातात. त्यात सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, कारण डोंगराकडची स्वस्त जमीन घेणं सोपं आणि खाडीलगतची सपाट जमीन, जी घुबडाला हवी, ती सोन्याच्या भावाची. तरी प्रत्येक प्लॉटवर वेगळं भांडण करण्यापेक्षा हे बरं. आणि माझं मत विचाराल तर, एकमजली ऑफिसं आणि त्यांच्या चौपट पार्किंग लॉट असलेल्या शहराने घुबडाच्या शेवटच्या काही एकरांकडे बोट दाखवून 'यामुळे घरं होत नाहीत' म्हणणं जरा जास्तच होतं.

## आपल्या हातात काय आहे?

सगळ्यात आधी उंदराचं विष. अंगणात किंवा सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाला काळे डबे ठेवून जातो, त्यात काय आहे ते विचारा, साधे सापळे लावता येतील का ते विचारा. इथल्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, मीटिंगला आपली मराठी मंडळी सहसा जात नाहीत, पार्किंगचा विषय सोडून, पण खारींवर विष टाकायचं का हे त्याच मीटिंगमध्ये ठरतं. कुत्र्याला पट्टा लावूनच ट्रेलवर न्या, मोकळा कुत्रा बिळाशी एकदा जाऊन हुंगून आला तरी मादी अंडी सोडून बाहेर पडू शकते. मांजर घरातच ठेवा.

साउथ बेच्या पक्षीसंस्था घुबडांच्या जागेवरचं तण काढायला, बिळं साफ करायला स्वयंसेवक बोलावतात, मुलांना घेऊन जाता येतं. आणि शोअरलाइनला एखादी जाडजूड खार मागच्या पायांवर उभी राहून तुमच्याकडे बघत असली तर तिला चिप्स घालू नका. चिप्सची सवय लागली की खारी माणसांच्या टेबलांभोवती गोळा होतात, मग तक्रारी जातात आणि तक्रारींमागून विषाचे डबे येतात.